आवाज आहे, चित्र नाही: टीव्हीच्या बॅकलाइटबद्दल जाणकारांनी लिहा

चौथामजला | सोमवार, रात्री ९:४२

मंडळी, हॉलमधला ४३ इंची टीव्ही शनिवारी सिनेमा ऐन रंगात आलेला असताना काळा पडला. आवाज खणखणीत, रिमोटने चॅनल बदलतं, पडद्यावर मात्र मिट्ट काळोख. वॉरंटी कधीच संपली. सर्व्हिस सेंटरचा माणूस आला, दोन मिनिटं पाहून म्हणाला, "पॅनल गेलंय सर, याच्यात पैसे घालू नका, नवीनच बघा." व्हिजिटचे पैसे घेऊन गेला. गल्लीतला रिपेअरवाला म्हणतो पॅनलला काहीही झालेलं नाही, मागच्या एलईडीच्या पट्ट्या गेल्यात.

मधल्या काळात शोरूमलाही चक्कर मारून आलो. एलईडी, क्यूएलईडी, क्यूएनईडी, मिनी एलईडी, ओएलईडी आणि आता आरजीबी मिनी एलईडी म्हणे. दोन सेट शेजारी शेजारी होते, त्यांच्यात फरक काय विचारलं तर विक्रेता म्हणाला, "सर, हा पाच हजारांनी जास्त आहे."

दोन प्रश्न. दुरुस्तीत अर्थ आहे का? आणि या नावांमागे खरोखर वेगळं तंत्र असतं की नुसते स्टिकर?

खवचट_काका | सोमवार, रात्री ९:५५

टीव्ही बंद, म्हणजे घरात शांतता. दुरुस्त कशाला करताय? ;)

(खुर्ची टाकून बसलो आहे. येऊ द्या.)

सोल्डरगन | सोमवार, रात्री १०:२०

चौथामजला साहेब, कुणालाही पैसे द्यायच्या आधी एक करा. हॉलमधले सगळे दिवे घालवा, टीव्ही चालू करा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याला अगदी लागून, जरा तिरका धरा. काचेत अंधूक चित्र हलताना दिसलं तर पॅनल जिवंत आहे, मागचा उजेड तेवढा गेलाय. काहीच दिसलं नाही तर मग मदरबोर्ड, टीकॉन (पॅनलला सिग्नल देणारा बोर्ड), पॅनल अशी लांबची वाट आहे.

आमच्याकडं सांगलीत दुकानात येणाऱ्या टीव्हींची सगळ्यात जास्त तक्रार हीच, आवाज आहे चित्र नाही, आणि त्यातले बरेचसे बॅकलाइटचेच. पट्टीवरचे एलईडी एकापुढं एक सिरीजमध्ये जोडलेले असतात. एक ओपन झाला की सगळी लाइन बंद. काही सेट चालू केल्यावर सेकंदभर उजळून जातात. म्हणजे ड्रायव्हरला, पट्ट्यांना वीज पुरवणाऱ्या सर्किटला, गडबड कळली, तो प्रोटेक्शनला गेला आणि त्यानं सप्लाय तोडला.

चौथामजला | सोमवार, रात्री १०:४१

केलं. कमाल आहे! बातम्यांच्या चॅनलचा लोगो आणि खालची सरकती पट्टी अंधूक दिसतेय. म्हणजे पॅनल शाबूत आहे. मग तो माणूस तसं का म्हणाला?

सोल्डरगन | सोमवार, रात्री १०:५०

बऱ्याच कंपन्यांकडं पट्टी सुटी मिळत नाही. पॅनलची अख्खी असेंब्ली येते, पट्ट्या तिच्या पोटात. तिची किंमत नव्या टीव्हीच्या जवळ जाते. त्याच्या यादीत पट्टी नावाचा पार्टच नसेल तर तो बिचारा दुसरं काय सांगणार?

जुनाजाणता | मंगळवार, सकाळी ६:१५

आमच्या वेळी (हो, झालो सुरू) टीव्हीला मागून दिवा वगैरे भानगड नव्हती. ब्लॅक अँड व्हाइट सेटच्या पुढे निळी काच लावली की झाला 'कलर'! शेजाऱ्यांकडे तर वर निळा, खाली हिरवा असे पट्टे असलेली प्लॅस्टिकची काच होती. आकाश निळं, गवत हिरवं. बातम्या देणाऱ्या बाईंचं कपाळ निळं आणि हनुवटी हिरवी दिसायची ती गोष्ट वेगळी.

पण मला खरंच कळत नाही, जुन्या पिक्चर ट्यूबला न लागणारा दिवा या सपाट टीव्हीला का लागतो?

फोटॉन | मंगळवार, सकाळी ८:३०

नमस्कार. तैवानमध्ये सिंचूला डिस्प्लेच्या ऑप्टिक्समध्ये काम करतो, त्यामुळे हात शिवशिवले. जरा लांबेल.

जुनाजाणता काका, पिक्चर ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत फॉस्फरवर आपटायचा आणि फॉस्फर स्वतः चमकायचा. प्लाझ्मामध्येही प्रत्येक ठिपका स्वतः उजळायचा. सपाट टीव्हीच्या एलसीडी पडद्यातला द्रवस्फटिक मात्र स्वतः काडीचाही उजेड देत नाही. दोन पोलरायझरच्या मध्ये बसून तो मागून येणारा प्रकाश अडवतो किंवा सोडतो, खिडकीच्या झडपांसारखा. या वाटेत प्रकाशाची उधळपट्टीही भयंकर होते. पोलरायझर, ट्रान्झिस्टरची जाळी, रंगांचे फिल्टर हे सगळं पार करून मागच्या उजेडाचा दहावा हिस्साही डोळ्यापर्यंत पोचत नाही. आणि झडप कितीही घट्ट लावली तरी थोडा उजेड झिरपतोच. म्हणून एलसीडीचा काळा रंग अंधाऱ्या खोलीत राखाडी दिसतो. आयपीएस प्रकारच्या पॅनलचा पांढरा त्याच्या काळ्याच्या साधारण १,००० पट उजळ असतो, व्हीए प्रकारच्या पॅनलचा ३,००० ते ५,००० पट. नुसत्या काचेच्या जोरावर याच्या फार पुढे जाता येत नाही. त्यामुळे गेल्या वीसेक वर्षांत एलसीडी टीव्हीचं चित्र जे सुधारलं, त्यात काचेपेक्षा काचेमागच्या दिव्याचा वाटा मोठा आहे. दुकानात बघायचं ते हेच, बाकी स्मार्ट फीचर वगैरे स्वस्तातल्या स्टिकनेही मिळतात.

सुरुवातीला मागे सीसीएफएल असायच्या, म्हणजे पेन्सिलीपेक्षा बारीक ट्यूबलाइटच. आत पारा, त्या पेटवायला वेगळा इन्व्हर्टर बोर्ड आणि त्याचे शेकडो व्होल्ट. चालू केल्यावर पूर्ण तेजाला यायला वेळ, वय झालं की चित्र पिवळट. प्रसंग अमावास्येचा असो की वाळवंटातला, मागच्या सगळ्या नळ्या एकसारख्या पेटलेल्या.

२००४ मध्ये सोनीने क्वालिया ००५ हा ४६ इंची टीव्ही आणला. त्यात नळ्यांच्या जागी लाल, हिरवे आणि निळे असे वेगवेगळे एलईडी होते. रंग अफाट, किंमतही अफाट. हा टीव्ही लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बाजाराने मात्र स्वस्त वाट धरली. निळा एलईडी घ्यायचा आणि त्यावर पिवळा फॉस्फर बसवायचा. निळं आणि पिवळं मिसळून डोळ्याला पांढरं दिसतं. (निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याआधी लाल आणि हिरवे होते, निळ्यावाचून सगळं अडलं होतं.) २००९ मध्ये सॅमसंगने हेच 'एलईडी टीव्ही' म्हणून दणक्यात विकायला काढलं. पडदा तोच एलसीडीचा, बदलला तो दिवा.

बाकीचं संध्याकाळी. मीटिंग आहे.

वऱ्हाडी_ठेचा | मंगळवार, सकाळी ११:०५

फोटॉन, मस्त लिहिताय. मला एक विचारायचं होतं. अकोल्याला आईकडच्या टीव्हीत हळूहळू सगळ्यांचे चेहरे निळे-जांभळे दिसायला लागलेत. कलर, टिंट, सगळी सेटिंग करून झाली, काही फरक नाही. आई म्हणते राहू दे, कृष्णाची मालिका लागली की बरोबर दिसतो.

सोल्डरगन | मंगळवार, दुपारी १:३०

ताई, आईंचा मुद्दा बिनतोड आहे :) पण वर फोटॉन सरांनी सांगितलं तेच कारण. एलईडी मूळचा निळाच. त्याच्यावरचा पिवळा लेप उष्णतेनं खराब झाला की पिवळं कमी पडतं आणि आतला निळा बाहेर यायला लागतो. सेटिंगनं जाणार नाही, पट्ट्या बदलाव्या लागतील. बदलेपर्यंत एक करा, मेनूमध्ये 'बॅकलाइट' नावाचा आकडा असेल तो शंभरावरून पन्नास-साठवर आणा. रंग परत येणार नाही, पण पट्टी आणखी तापणार नाही.

'बॅकलाइट' आणि 'ब्राइटनेस' यात गल्लत करू नका. बऱ्याच सेटमध्ये ब्राइटनेसनं फक्त काळा रंग वरखाली होतो, दिव्याला काही फरक पडत नाही. काही कंपन्यांनी मात्र दिव्याच्याच सेटिंगला ब्राइटनेस नाव दिलंय. आकडा हलवून बघा, पांढरा भाग मंद झाला पाहिजे.

दुकानातून टीव्ही 'व्हिविड' या भडक उजेडाच्या मोडवर येतो आणि लोक वर्षानुवर्षं तसाच ठेवतात. पट्ट्या जाण्याचं एक मोठं कारण हे आहे.

टिळकरोड | मंगळवार, दुपारी २:१०

आमच्या टीव्हीवर गोल पांढरे ठिपके आलेत, कुणी मागून टॉर्च मारल्यासारखे. आधी एक होता, आता चार-पाच. हाही बॅकलाइट का?

सोल्डरगन | मंगळवार, दुपारी ३:४०

होय. हा 'डायरेक्ट' प्रकारचा सेट. ह्यात पडद्याच्या पाठीमागं दोन-तीन किंवा जास्त पट्ट्या असतात आणि प्रत्येक एलईडीवर प्लॅस्टिकची एक टोपी असते, बटणाएवढी, तीन बारीक पायांवर चिकटवलेली. तिला आम्ही लेन्स म्हणतो. तिचं काम उजेड चारी बाजूला पसरवायचं. तापून तापून डिंक सुटतो आणि लेन्स खाली पडते. मग त्या एलईडीचा उजेड सरळ पुढं येतो, तोच ठिपका. सेट हलवला तर आतून खुळखुळ आवाज येईल बघा.

उघडायचं कसं ते सांगतो, म्हणजे घरी कुणी प्रयोग करणार नाही. मागचं कव्हर काढलं की बोर्ड दिसतात, पण पट्ट्या तिथं नसतात. त्या पुढच्या बाजूनं, काचेच्या मागं असतात. सेट उताणा ठेवायचा, चौकट काढायची, मग व्हॅक्यूम कप लावून दोघांनी काच समतल उचलायची. काचेच्या कडेला कागदासारख्या पातळ पट्ट्यांवर चिप असतात, सीओएफ म्हणतात. ती एक जरी ताणली तरी पडद्यावर उभी रेघ कायमची. काच उचलली की खाली पांढरे पातळ शीट, दोन-तीन तरी. त्यांचा क्रम आणि उलटसुलट बाजू लक्षात ठेवावी लागते, मी मोबाइलवर फोटो काढून ठेवतो. खाली जाड डिफ्यूझर, त्याच्या खाली भोकं पाडलेला पांढरा रिफ्लेक्टर आणि त्या भोकांतून डोकावणारे एलईडी. बोटाचा ठसा जरी शीटवर राहिला तरी सेट जोडल्यावर पांढऱ्या पडद्यावर डाग दिसतो, आणि गिऱ्हाईक तोच आधी बघतं.

कुणी म्हणालं "एकच एलईडी गेलाय, तिथं जंपर मारून देतो", तर नको म्हणा. तेवढ्या जागी काळसर ठिपका राहतो, आणि एक गेलाय म्हणजे बाकीचेही तेवढेच शिजलेले आहेत. पट्ट्यांचा पूर्ण सेट बदला. जमत असेल तर ड्रायव्हर आयसीच्या शेजारचा सेन्स रेझिस्टर बदलून करंट थोडा उतरवून घ्या. उजेड किंचित कमी होतो, कुणाला कळतसुद्धा नाही, आणि पट्ट्या टिकतात.

चौथामजला | मंगळवार, दुपारी ४:०२

हा प्रतिसाद छापून रिपेअरवाल्याकडे घेऊन जातो. सोल्डरगन, सांगलीत आलो तर चहा माझ्याकडून.

अंधारकोठडी | मंगळवार, सायंकाळी ७:२५

एवढा सगळा पट्ट्या-लेन्स-शीटचा पसारा कशासाठी? ओएलईडी घ्या आणि मोकळे व्हा. प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, स्वतः पूर्ण विझतो. बॅकलाइटच नाही तर जाणार काय? रात्री दिवे बंद करून एखादा अंधारा सिनेमा पाहा, पुन्हा एलसीडीकडे बघवणार नाही. कोडॅकमध्ये १९८७ साली शोध लागला, सोनीने २००७ मध्ये ११ इंचाचा खेळण्याएवढा सेट विकला, एलजीने २०१३ मध्ये ५५ इंची आणला. आता तर मधल्या मार्केटमध्ये आलाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटीसुद्धा २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. अजून काय पाहिजे?

मांडवीकाठ | मंगळवार, रात्री ८:१०

अंधारकोठडी, तुमचं नावच सांगतंय तुमच्याकडे पडदे कसे आहेत ते :) आमच्या पणजीच्या घरात हॉलला दोन बाजूंनी खिडक्या, दुपारी मॅच लागते तेव्हा समोरून लख्ख ऊन. तिथे ओएलईडीचा काळा काय कामाचा? काळ्या काचेत बाल्कनीतले कपडे दिसतात.

आणि आमचे सासरे सकाळी सहापासून बातम्या लावतात. वर लाल चौकट, खाली दोन सरकत्या पट्ट्या, कोपऱ्यात लोगो, सगळं एकाच जागी दिवसभर. ओएलईडीवर त्याचा ठसा कायमचा राहतो म्हणे. खरं का?

अंधारकोठडी | मंगळवार, रात्री ८:१८

हल्लीच्या सेटमध्ये पिक्सेल शिफ्ट (चित्र मधूनमधून किंचित सरकवणं) वगैरे असतं, पूर्वीइतकं होत नाही. पण रोज दहा तास एकच बातम्यांचं चॅनल असेल तर... सासऱ्यांना सिनेमाची आवड लावा ना.

मांडवीकाठ | मंगळवार, रात्री ८:२०

तुम्ही या लावायला.

फोटॉन | मंगळवार, रात्री १०:०५

मांडवीकाठ, धोका खरा आहे. ओएलईडीतले सेंद्रिय पदार्थ जितके जळतील तितके मंद होतात. जिथे लाल चौकट रोज जळते तिथले पिक्सेल बाकीच्यांच्या आधी म्हातारे होतात. एलसीडीत ही कटकट नाही. घराचा उजेड आणि घरातल्या माणसांच्या सवयी पाहून टीव्ही निवडावा असं माझं मत, आणि तुमच्या वर्णनावरून तुम्हाला चांगल्या बॅकलाइटचा एलसीडीच.

आता सकाळचं पुढे. पांढरे एलईडी बसवायच्या दोन तऱ्हा. एज-लिटमध्ये फक्त कडेला रांग असते, आणि ॲक्रिलिकच्या पाटीतून उजेड पडद्याभर पसरवतात. टीव्ही सडपातळ होतो, भिंतीवर झकास दिसतो. पण सगळी उष्णता एका कडेला. कॅनडातल्या आरटिंग्ज या चाचण्या करणाऱ्या संस्थेने १०० टीव्ही दीर्घकाळ चालवून पाहिले, त्यात एज-लिट सेटची अवस्था वाईट झाली. आतल्या पाट्या वाकल्या, एलईडी जळाले. मी तरी मोठा एज-लिट सेट घेणार नाही. दुसरी तऱ्हा डायरेक्ट, सोल्डरगन यांनी उघडून दाखवली ती.

डायरेक्टचा खरा फायदा वेगळाच. दिवे पडद्यामागे पसरलेले असतील तर त्यांचे गट करून प्रत्येक गट स्वतंत्रपणे मंद करता येतो. चित्राच्या ज्या भागात रात्र आहे तिथला दिवाच मालवायचा, म्हणजे झडपेतून झिरपायला काही उरत नाही. याला लोकल डिमिंग म्हणतात. व्हँकुव्हरच्या ब्राइटसाइड या छोट्या कंपनीने यावर मोठं काम केलं. २००७ मध्ये डॉल्बीने ती विकत घेतली. आज टीव्हीच्या खोक्यावर डॉल्बी व्हिजनचा जो शिक्का असतो, त्यामागच्या विचाराची सुरुवात तिथवर नेता येते.

पण गटांची संख्या बघा. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल. मागे ५० गट असतील तर एकेका गटाच्या वाट्याला दीड लाखावर पिक्सेल येतात. काळ्या आकाशात एकच चांदणी असेल तर तिच्यासाठी मागचा अख्खा गट पेटतो आणि चांदणीभोवती धुरकट वलय दिसतं. यालाच ब्लूमिंग म्हणतात. काळ्या पट्टीवरच्या पांढऱ्या सबटायटल्सभोवती सर्वांत जास्त जाणवतं.

त्यावरचा उपाय मिनी-एलईडी. एलईडी इतके बारीक करायचे की हजारोंनी बसतील. टीसीएलने २०१९ मध्ये असा टीव्ही आणला, त्यात २५,००० च्या वर एलईडी होते. २०२१ च्या १२.९ इंची आयपॅड प्रोमध्ये १०,००० च्या वर एलईडी आणि २,५९६ गट आहेत, तेही वहीएवढ्या पडद्यामागे. पण २,००० गटांच्या टीव्हीतसुद्धा एका गटामागे चार हजारांवर पिक्सेल उरतातच. त्यामुळे ब्लूमिंग कमी होतं, संपत नाही. तिथे ओएलईडी अजूनही पुढे आहे, अंधारकोठडी यांचं हे म्हणणं मान्य.

चौथामजला | मंगळवार, रात्री १०:३०

म्हणजे 'मिनी एलईडी' लिहिलेलं दिसलं की गट किती ते विचारायचं? मी पाहिलेल्या सेटवर कुठेच आकडा नव्हता.

आणि क्यूएलईडी?

फोटॉन | मंगळवार, रात्री १०:५२

गट विचारायचेच. आकडा चांगला असेल तर कंपनी तो ठळक छापते. कुठेच नसेल तर समजून जा.

क्यूएलईडीतला क्यू म्हणजे क्वांटम डॉट. अर्धवाहकाचे काही नॅनोमीटरचे कण. गंमत अशी की पदार्थ तोच ठेवून कणाचा आकार बदलला की रंग बदलतो. लहान कण हिरवा उजेड देतो, मोठा लाल. मागे शुद्ध निळे एलईडी ठेवायचे आणि मध्ये या कणांची फिल्म. थोडा निळा तसाच पार होतो, बाकीच्याचा नेमका लाल आणि नेमका हिरवा होतो. पिवळ्या फॉस्फरमध्ये सगळे मधले रंग मिसळलेले असतात, त्यामुळे लाल फिकट पडायचा. इथे तिन्ही रंग धारदार. एकिमोव्ह, ब्रूस आणि बावेंडी यांना यासाठी २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. टीव्हीच्या या दिव्यामागे दोन नोबेल आहेत, तरी विक्रेता म्हणतो पाच हजार जास्त!

फक्त एक लक्षात घ्या. क्वांटम डॉटने रंग सुधारतात, काळा सुधारत नाही. लोकल डिमिंग नसलेला स्वस्त क्यूएलईडी अंधारात तसाच राखाडी दिसणार.

टिळकरोड | बुधवार, सकाळी ९:२०

तरीच! आमच्या मेहुण्याने मोठा क्यूएलईडी घेतला आणि एचडीआर, म्हणजे जास्त उजळ-गडद दाखवणारं चित्र, लावलं की ते उलट अंधारतं. त्याला वाटतं वेब सिरीजवालेच अंधारात शूटिंग करतात.

फोटॉन | बुधवार, सकाळी १०:०५

तेही करतात :) पण मुख्य कारण दिवा. एचडीआरमध्ये उजेड नोंदवायची पीक्यू पद्धत कागदावर १०,००० निट्सपर्यंत जाते (निट म्हणजे पडद्याच्या तेजाचं एकक). मेहुण्यांच्या टीव्हीचा दिवा अडीचशे-तीनशे निट्सचा असेल तर वरचा सगळा उजेड खाली दाबून बसवावा लागतो आणि मधले प्रसंग अंधारतात. अशा सेटवर एचडीआर बंद करून पाहिलेलं बरं.

खवचट_काका | बुधवार, सकाळी ११:३०

क्वालिया लक्षात ठेवायला सांगून गृहस्थ गायब. आम्ही दोन दिवस क्वालिया क्वालिया जपतोय.

फोटॉन | बुधवार, रात्री ९:१५

काका, आलोच तिथे.

२०२५ च्या जानेवारीत लास वेगासच्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रदर्शनात हायसेन्सने ११६ इंची आरजीबी मिनी-एलईडी टीव्ही दाखवला. मार्चमध्ये सोनीने आपलं तंत्र दाखवलं, ऑगस्टमध्ये सॅमसंगचा ११५ इंची मायक्रो आरजीबी आला. काचेमागे पुन्हा लाल, हिरवे, निळे वेगवेगळे एलईडी. म्हणजे २००४ ची क्वालियाची कल्पना फिरून आली. फरक इतकाच, पण तो फार मोठा आहे, की तेव्हा तिन्ही रंग मिळून पडदाभर एकच पांढरा उजेड करायचे. आता प्रत्येक गटात तिन्ही रंग स्वतंत्रपणे कमी-जास्त होतात. चित्राच्या एका भागात नुसता सूर्यास्त असेल तर तिथला निळा दिवा जवळजवळ बंद. फिल्टरवर अडवून फुकट घालवायचा प्रकाश मुळात तयारच करायचा नाही.

मग मधे वीस वर्षं का गेली? तापतात तेव्हा तिन्ही एलईडी सारखे वागत नाहीत. लाल वेगळ्या पदार्थाचा, तापला की निळ्या-हिरव्यापेक्षा लवकर मंद होतो, म्हणजे टीव्ही तासभर चालला की पांढऱ्याचा रंग बदलणार. हिरवा विजेच्या मानाने कमी उजेड देतो. शिवाय तिप्पट दिवे, तिप्पट चालवणारी सर्किटं, आणि प्रत्येक फ्रेमला हजारो गटांचं तीन-तीन रंगांचं गणित. ते करणाऱ्या चिप स्वस्त झाल्यावर हे जमायला लागलं.

कंपन्या सांगतात की २०१२ मध्ये ठरलेला बीटी.२०२० हा रंगांचा मोठा पट आता जवळजवळ पूर्ण भरतो. असेल. पण सिनेमे आणि मालिका बहुतेक त्याहून लहान पी३ पटात रंगवलेल्या असतात, तेव्हा त्या जादा रंगांचा माल यायला वेळ आहे. दुसरी अडचण गटांची. निळ्या आकाशासमोर भगवा झेंडा फडकतोय आणि दोन्ही एकाच गटात आले, तर तिथे लाल-हिरव्याबरोबर निळाही पेटवावाच लागतो. मग शुद्धता राखायचं काम पुन्हा काचेतल्या फिल्टरवरच. झेंड्याच्या कडेला बारकाईने पाहिलं तर रंग किंचित मळलेला दिसू शकतो.

सोल्डरगन | बुधवार, रात्री ९:४०

फोटॉन सर, म्हणजे आता पट्टीवर तीन रंगांचे एलईडी, त्यातला लाल आधी जाणार, आणि हजारोंनी असल्यामुळं पट्टीऐवजी अख्खा बोर्ड बदलायचा. आमच्यासारख्यांच्या पोटावर पाय की बरकत?

फोटॉन | बुधवार, रात्री ९:५८

मिनी-एलईडीचे बोर्ड आजच दुरुस्तीला किचकट आहेत, हे खरं. लेन्स चिकटवण्याइतकं सोपं काम तिथे नाही. पण छोट्या आणि मधल्या सेटमध्ये पांढऱ्या पट्ट्याच अजून बरीच वर्षं राहतील, भावात दुसरं काही बसत नाही.

वऱ्हाडी_ठेचा | बुधवार, रात्री १०:२०

आईच्या टीव्हीच्या पट्ट्या बदलायला टाकल्या. तरी पुढेमागे मोठा घ्यायचाच आहे. दुकानात उभं राहून हे सगळं ओळखायचं कसं? तिथे सगळे टीव्ही तेच समुद्र, पोपट आणि आइस्क्रीम दाखवतात, सगळेच भारी दिसतात.

फोटॉन | बुधवार, रात्री १०:४५

पोपट-आइस्क्रीममध्ये सगळा पडदा उजळ आणि रंगीत असतो, तिथे कुठल्याही बॅकलाइटचं पितळ उघडं पडत नाही. पेनड्राइव्हवर एक व्हिडिओ न्या, काळ्या पडद्यावर सावकाश फिरणारा पांढरा ठिपका. ठिपक्यासोबत मागे उजेडाचा ढग सरकला तर गट मोठे आहेत. ठिपका फिरला तरी सगळा पडदा एकसारखा राखाडी राहिला तर डिमिंगच नाही. थोडं बाजूला उभं राहूनही पाहा, बाजूने वलय जास्त दिसतं. मग राखाडी रंगाचा स्थिर फोटो लावा. कोपरे काळवंडलेले किंवा मध्ये ढग असतील तर दुसरा सेट उघडायला सांगा.

वऱ्हाडी_ठेचा | बुधवार, रात्री १०:५१

आमच्या इथला शोरूमवाला पेनड्राइव्ह लावू देत नाही हो. "मॅडम, व्हायरस येतो" म्हणतो.

सोल्डरगन | बुधवार, रात्री ११:०२

ताई, मग टीव्हीतलं यूट्यूब उघडायला सांगा, 'लोकल डिमिंग टेस्ट' शोधलं की मिळतंय. आणि मोड आधी व्हिविडवरून सिनेमावर घ्या, नाहीतर काही कळणार नाही. नेट नाही म्हणाला तर तुमच्या मोबाइलचा हॉटस्पॉट द्या.